खांद्याच्या फ्रॅक्चरचा प्रकार रुग्णाच्या कागदावर लिहिला जावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच खांद्याच्या आणि दंडाच्या फ्रॅक्चरविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यांविषयी वारंवार लिहिले जाते, खांद्याविषयी क्वचितच. म्हणून तो लेख मी आवर्जून वाचला. त्यातील एका विधानामुळे मात्र हे पत्र लिहिणे भाग पडले. ‘खांद्याजवळ हाडाचे तीन किंवा चार तुकडे झाले असतील तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते,’ असे त्यात म्हटले आहे. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रिया करणे हे माझे काम नाही. परंतु ज्यांची शस्त्रक्रिया झाली ते आणि ज्यांची झाली नाही ते, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण माझ्याकडे येतात आणि हात पुन्हा डोक्यापर्यंत पोहोचेपर्यंत कित्येक महिने येत राहतात. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझे मत असे झाले आहे की फ्रॅक्चरचा प्रकार म्हणजे दुखापतीचे वर्णन असते, त्याला शस्त्रक्रियेचा हुकूम समजू नये. आणि ज्या कागदावर हे वर्णन असायला हवे, त्या कागदावर ते बहुतेक वेळा नसतेच.

गेल्या काही आठवड्यांतलाच एक प्रसंग सांगते. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलाबरोबर आल्या. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि डाव्या हाताने त्यांनी उजवे कोपर खालून उचलून धरले होते. खांदा दुखणारा माणूस असाच चालतो. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, ‘उजव्या दंडाचे फ्रॅक्चर. प्लेट बसवली. व्यायाम सुरू करावेत.’ सोबत शस्त्रक्रियेनंतरचा एक एक्स-रे होता. तो मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. प्लेट दिसत होती, स्क्रू मोजता येत होते, हाड सरळ रेषेत आलेले होते. मला जे हवे होते ते मात्र त्या फिल्ममध्ये दिसणे शक्यच नव्हते. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूस एक मोठा उंचवटा असतो. तो वेगळा तुटला होता का, आणि तुटला असल्यास जाड धाग्यांनी ओवून प्लेटला बांधला आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. धागा एक्स-रेमध्ये उमटत नाही.

या एका उत्तरावर रुग्णाचे पुढचे सहा आठवडे अवलंबून असतात. उंचवटा बांधलेला असेल, तर रुग्णाने स्वतःच्या जोराने हात बाजूला उचलणे किंवा बाहेर वळवणे साधारण तेवढा काळ टाळावे लागते, कारण या हालचाली करणारे स्नायू त्याच तुकड्याला चिकटलेले असतात आणि ते आवळले गेले की बांधलेले धागे ताणले जातात. फक्त हाडाची मान, म्हणजे वरच्या टोकाखालचा अरुंद भाग, तुटली असेल आणि प्लेटची पकड चांगली असेल, तर मात्र इतके थांबणे म्हणजे खांदा आपल्या हाताने आखडू देणे होय. घाई केली तर तुकडा निसटतो, उशीर केला तर सांधा धरतो, आणि दोन्हींचे परिणाम त्या आजींना केस विंचरताना आणि पाठीमागे हात नेताना वर्षानुवर्षे सोसावे लागतात.

खांद्याच्या फ्रॅक्चरचे वर्गीकरण मुळात स्नायूंच्या याच ओढीवर उभे आहे, आणि लेखात नेमके तेच राहून गेले आहे. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की दंडाच्या हाडाचे वरचे टोक वाटेल तसे फुटत नाही. वाढीच्या वयात या टोकाचे वेगवेगळे भाग जिथे एकमेकांना जुळतात, त्या जुन्या रेषांच्या आसपासच ते फुटते, आणि म्हणून मुख्य तुकडे चारच होतात: सांध्यातला गोळा, बाहेरचा मोठा उंचवटा, पुढचा लहान उंचवटा आणि खालचा दांडा. न्यूयॉर्कचे चार्ल्स नीअर यांनी १९७० मध्ये याच चार भागांवर आपले वर्गीकरण रचले. त्यांचा नियम असा, की एखादा भाग मूळ जागेपासून एक सेंटीमीटरहून अधिक सरकला असेल किंवा पंचेचाळीस अंशांहून अधिक वळला असेल, तरच तो वेगळा ‘भाग’ म्हणून मोजायचा. फिल्ममध्ये चार-पाच तडे दिसत असले, पण कोणताच भाग एवढा हललेला नसेल, तर ते फ्रॅक्चर ‘एक भागाचे’ ठरते आणि त्याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. लेख वाचून घरी एक्स-रे उजेडात धरून तडे मोजणाऱ्या माणसाला हे कसे कळावे?

हे भाग कुठे सरकतात तेही ठरलेले असते. मोठ्या उंचवट्याला रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या गटातले, तीन स्नायू लागलेले असतात. तो तुटला की ते त्याला वर आणि मागे ओढतात. लहान उंचवट्याला लागलेला स्नायू त्याला छातीकडे आत खेचतो. दांड्याला छातीचा मोठा स्नायू पुढे आणि आत ओढतो. दोन्ही उंचवटे सुटले की गोळ्याला ओढणारे कोणी उरत नाही, पण त्याचबरोबर त्याला रक्त पुरवणाऱ्या वाटाही तुटलेल्या असू शकतात. ‘तीन भाग, मोठा उंचवटा सरकलेला’ एवढे चार-पाच शब्द कोणी लिहिले, तर कोणते स्नायू कोणत्या तुकड्याला ओढत आहेत, कोणती हालचाल जपायची आणि कशाची भीती नाही, हे सगळे माझ्यासारखीला फिल्म न पाहताही कळते. हे वर्गीकरण मला फार मोलाचे वाटते ते यासाठी.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याच्या ५० फ्रॅक्चर्सचे एक्स-रे पाच डॉक्टरांना दाखवले गेले. त्यांत खांद्याचे तज्ज्ञ होते, अपघातातील हाडांच्या शस्त्रक्रिया करणारे होते, रेडिओलॉजिस्ट होते आणि प्रशिक्षण घेणारे डॉक्टरही होते. पाचही जणांचे एकमत झाले ते जेमतेम एक तृतीयांश फ्रॅक्चर्सच्या बाबतीत. तिरक्या फिल्मवर सेंटीमीटर मोजणे कठीण असते, आणि दुखणारा हात योग्य कोनात ठेवून एक्स-रे काढणे त्याहून कठीण. सीटी स्कॅनमुळे तुकडे अधिक नीट दिसतात, तरीही मतभेद पूर्णपणे मिटत नाहीत. म्हणजे ज्या आकड्याच्या आधारे ‘गत्यंतर नाही’ असे लेख सांगतो, त्या आकड्यावर जाणकारांचेही एकमत नसते. अशा आकड्याला वर्णन म्हणून मान द्यावा, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर कोणाचा खांदा उघडू नये.

शस्त्रक्रियेचा फायदा किती, हे तपासण्यासाठी ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत मिळून २५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांचे हाड मानेजवळ तुटलेले आणि सरकलेले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांची शस्त्रक्रिया केली गेली आणि निम्म्यांचा हात झोळीत ठेवून पुढे व्यायाम दिले गेले. दोन वर्षांनंतर रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या वेदनांत आणि हाताच्या कामात दोन्ही गटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही, आणि पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही तो दिसला नाही. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा कोणी घेऊ नये. ज्यांना शस्त्रक्रिया स्पष्टपणे आवश्यक आहे असे डॉक्टरांना वाटले, त्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते, आणि चार भागांची फ्रॅक्चर्सही तिच्यात थोडीच होती. पण ज्या मोठ्या मधल्या गटाबद्दल आपला लेख इतक्या खात्रीने बोलतो, त्या गटापुरती ही खात्री टिकत नाही, एवढे तरी त्यातून नक्की कळते. कमी सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये तर हात तीन आठवडे बांधून ठेवण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच हलक्या हालचाली सुरू केल्यास दुखणे लवकर कमी होते आणि हात लवकर कामाला येतो, असे २००३ मधील एका चाचणीत दिसून आले आहे. रुग्ण हे ऐकून घाबरतात. हाड तुटलेले असताना हात हलवायचा कसा, असे विचारतात. कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा, हे मी स्वतः करून दाखवते तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसतो.

शस्त्रक्रिया टाळू नये असे रुग्णही असतात आणि त्यांच्याबाबतीत वेळ दवडणे घातक ठरते. गोळा सांध्यातून निसटलेला असून हाडही तुटलेले असेल, गोळाच मधोमध दुभंगला असेल, जखम उघडी असेल, हाताकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी दुखावली असेल, तर झोळी हे उत्तर नव्हे. मोठा उंचवटा पाच मिलिमीटरहून अधिक वर सरकला, तर कामकरी वयाच्या माणसात बहुतेक शल्यविशारद तो जागेवर बसवणे पसंत करतात, कारण हात वर नेताना तो वरच्या हाडाखाली अडकतो. नीअर यांचा एक सेंटीमीटरचा नियम इथे अपुरा पडतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

गोळ्याचा रक्तपुरवठा वाचला आहे की नाही, हा शल्यविशारदापुढचा सर्वांत अवघड प्रश्न असतो. गोळ्याला आतल्या बाजूने चिकटून राहिलेला दांड्याचा भाग आठ मिलिमीटरहून कमी असेल आणि आतली बिजागरी, म्हणजे आतल्या बाजूला गोळा आणि दांडा जिथे जुळतात ती जागा, दोन मिलिमीटरहून अधिक सरकलेली असेल, तर गोळ्यातले रक्त थांबले असण्याची शक्यता मोठी असते, असे २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवले. त्याच गटाने २००८ मध्ये आपल्याच रुग्णांचा पुढचा प्रवास मांडला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तहीन दिसलेला प्रत्येक गोळा पुढे मरत नाही, हेही समोर आले. स्वतःच्या निष्कर्षाला स्वतःच पुरवणी जोडणाऱ्या अशा संशोधकांबद्दल मला मोठा आदर वाटतो. वयस्कर रुग्णात हाड ठिसूळ असेल आणि गोळा वाचण्यासारखा नसेल, तर आता अनेक ठिकाणी उलट रचनेचा कृत्रिम सांधा बसवतात. फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास तो विकसित केला. त्यात गोळा खांद्याच्या पात्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर अशी अदलाबदल केलेली असते, त्यामुळे रोटेटर कफ निकामी झाला तरी खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलू शकतो. हाही पर्याय माणूस पाहूनच निवडायचा असतो. त्याचे वय, त्याचे काम, त्याच्या हाडाचा कस आणि त्याला हाताकडून काय हवे आहे, यातले काहीच फिल्मवर लिहिलेले नसते.

सगळी फ्रॅक्चर्स एकाच टोपलीत टाकली की काय होते, याचे उदाहरण कॉलर बोनचे आहे. १९६० मध्ये नीअर यांनीच दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या आधारे लिहिले होते, की शस्त्रक्रिया न करताही हे हाड न जुळण्याचे प्रमाण हजारात एकदोन इतकेच असते. कॉलर बोन आपोआप जुळते, हा समज त्यानंतर कित्येक दशके पक्का राहिला. पुढे मधल्या भागात पूर्ण सरकलेली फ्रॅक्चर्स वेगळी काढून पाहिली गेली, तेव्हा चित्र बदलले. कॅनडातील २००७ च्या चाचणीत अशा प्रौढ रुग्णांपैकी झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांमध्ये ७ जणांचे हाड जुळले नाही, तर प्लेट बसवलेल्या ६२ जणांमध्ये फक्त दोघांचे. हाड तेच होते, प्रकार वेगळा होता.

दंडाच्या हाडाच्या मधल्या भागाबद्दल लेखात दोनच ओळी आहेत. इथे रेडियल मज्जातंतू हाडाच्या मागून वळसा घालत जातो, आणि हाड तुटताना तोही दुखावू शकतो. साडेचार हजारांहून अधिक फ्रॅक्चर्सची माहिती एकत्र करून २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे १२ टक्के निघाले. त्यांपैकी बहुतेकांचा तंतू पुढे बरा झाला. मनगट वर उचलता येत नाही, बोटे सरळ होत नाहीत आणि हात नुसता लोंबतो, अशा अवस्थेत रुग्ण माझ्यापुढे बसतो तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते तो असा, की हे पडल्यापासून आहे की उपचारानंतर सुरू झाले. दोन्हींची पुढची वाट वेगळी असते. पडल्याक्षणी मनगट गळले असेल आणि जखम बंद असेल, तर बहुधा मनगटाला आधाराची पट्टी देऊन काही महिने वाट पाहिली जाते. आधी चांगले असलेले मनगट हाड बसवल्यानंतर गळले असेल, तर शल्यविशारदाला ताबडतोब कळवावे लागते. एका तरुण कामगाराला मी हेच विचारले तेव्हा तो बराच वेळ आठवत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘ताई, तेव्हा इतके दुखत होते की मनगटाकडे लक्षच नव्हते.’ अपघातानंतर त्याला ज्यांनी पहिल्यांदा तपासले, त्यांनी त्याला मनगट उचलून दाखवायला नक्की सांगितले असेल. ते कागदावर आले असते, तर ही आठवण ताणण्याची वेळ त्याच्यावर आली नसती.

या मधल्या भागासाठी एओ या हाडांच्या शल्यविशारदांच्या संघटनेचे वर्गीकरण वापरतात. ही संघटना १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली. तिच्या पद्धतीत दंडाच्या हाडाला १ हा क्रमांक आहे. त्याचे वरचे टोक ११, मधला भाग १२ आणि कोपराकडचे टोक १३, आणि मग मधल्या भागात फ्रॅक्चर साधे की अनेक तुकड्यांचे यानुसार ए, बी, सी. रुग्णाला ही आकडेमोड कळण्याची गरज नाही, पण त्याच्या कागदावर ती असली तर दुसऱ्या गावचा किंवा दुसऱ्या देशाचा डॉक्टरही तेच फ्रॅक्चर डोळ्यापुढे आणू शकतो. इथेही शस्त्रक्रिया हा एकच मार्ग नाही. १९७७ मध्ये ऑगस्टो सार्मिएंतो यांनी लोकप्रिय केलेल्या प्लास्टिकच्या दंडपट्ट्याने असंख्य दंड जुळले आहेत. फिनलंडमधील ८२ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, वर्षअखेरीस प्लेट आणि पट्टा या दोन गटांच्या हाताच्या कामात मोठा फरक राहिला नव्हता. मात्र पट्ट्याने सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ तीनांतल्या एकाची शस्त्रक्रिया पुढे करावीच लागली. निर्णय घेण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी रुग्णासमोर ठेवल्या गेल्या पाहिजेत. केवळ पहिली सांगणे किंवा केवळ दुसरी सांगणे, दोन्ही अर्धवट आहे.

आता माझी विनंती. खांदा किंवा दंड तुटलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर, त्याची शस्त्रक्रिया झाली असो वा नसो, हाडाचा कोणता भाग तुटला, कोणता भाग किती सरकला होता, सांधा निसटला होता का, मज्जातंतू उपचारापूर्वी आणि उपचारानंतर कसा होता, उंचवटे बांधले आहेत का, आणि कोणती हालचाल कोणत्या तारखेपर्यंत करायची नाही, एवढे स्पष्ट लिहिले जावे. आणि शेवटची सूचना रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत असावी. शल्यविशारदांवर कामाचा किती भार असतो याची मला पूर्ण कल्पना आहे. पण यातली जवळजवळ सगळी माहिती शस्त्रक्रियेच्या नोंदीत त्यांनी आधीच लिहिलेली असते. ती कपाटातल्या फाइलमध्ये राहते आणि रुग्णाबरोबर बाहेर पडत नाही. रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही घरी जाण्यापूर्वी ती मागून घ्यावी. ‘आमच्या फ्रॅक्चरचा प्रकार कोणता, आणि तो कार्डावर लिहून द्याल का?’ एवढे विचारण्यात कोणाचा अवमान होत नाही.

त्या आजींच्या शल्यविशारदांना मी त्याच दिवशी फोन केला. त्यांनी शस्त्रक्रियेची नोंद काढली आणि मिनिटभरात सांगितले की फ्रॅक्चर तीन भागांचे होते, मोठा उंचवटा मागे ओढला गेला होता आणि तो चार धाग्यांनी प्लेटला बांधला आहे. मी ते आजींसमोरच त्यांच्या कार्डावर लिहिले, खाली सहा आठवड्यांनंतरची तारीख घातली, आणि ‘तोपर्यंत उजवा हात स्वतःच्या जोराने उचलायचा नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहून दिले. आजींनी ते दोनदा वाचले आणि मुलाला वाचायला दिले. लंबकाचा व्यायाम आम्ही त्याच दिवशी सुरू केला.

लेखासोबत छापलेल्या आकृतीत मोठा उंचवटा हाडाच्या आतल्या, म्हणजे छातीकडच्या बाजूला दाखवला आहे. तो बाहेरच्या बाजूला असतो. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी आणि तिच्यासोबत ‘गत्यंतर नसते’ या विधानाचाही खुलासा करावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक व फिजिओथेरपिस्ट